घासणीवरचा आळ

मळणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणाच्या घशात टोचायला लागलं, तर कोणी डॉक्टरकडे पळत नाही. कुसळ अडकलं, म्हणतात. धानाच्या दाण्याच्या टोकाला बारीक ताठ केस असतो, ते कुसळ. मळणीच्या वेळी ते हवेत उडत असतं. डोळ्यात जातं, गळ्यात जातं, बनियनमध्ये शिरून माणसाला दिवसभर नाचवतं. गळ्यातल्या कुसळावर औषध ठरलेलं आहे. कोरड्या भाताचा गोळा वळायचा आणि न चावता गिळायचा, की गोळ्यासोबत कुसळ खाली जातं. माझ्या आईने मला असे गोळे चारले, मी माझ्या लेकरांना चारले. म्हणून नवरा चिमूरकडून परत आला आणि गळ्याला हात लावून म्हणाला, "काहीतरी टोचून राह्यलं वो," तेव्हा मी काही विचारलंच नाही. ताटात भात काढला, गोळा वळला आणि म्हटलं, "आ करा."

कुसळ नव्हतंच ते. लोखंडाची तार होती, आणि ती मी माझ्या हाताने आणखी आत ढकलली.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून फार लांब नाही. मी गावच्या शाळेत खिचडी शिजवते. नाव घेऊन मला कोणी हाक मारत नाही, लेकरांसाठी मी खिचडीवाली बाई. नवऱ्याची थोडी धानाची शेती आहे, पण गावात तो ओळखला जातो तो भजनासाठी. खंजिरी हातात घेऊन त्याने सूर लावला की भांडणारी माणसंही गप्प बसतात. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळ घातल्यापासून घरात मांस-मच्छी बंद. मला सुकी मच्छी फार आवडायची, पण मीही सोडली. म्हटलं, एका घरात दोन चुली कशाला.

त्या वेळी तो माझ्या धाकट्या भावाकडे नवे तांदूळ घेऊन गेला होता. भाऊ चिमूरच्या पलीकडे जंगलाच्या गेटाजवळ एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. वाघ पाहायला आलेले पाहुणे तिथे उतरतात. नवरा तिथे मुक्कामाला राहिला, परत आला आणि गळ्याला हात लावून बसला.

भाताच्या गोळ्याने काही झालं नाही. मी केळं दिलं, तूप दिलं, पुन्हा गोळा दिला. त्याला थुंकी गिळता येईना. अंगात ताप भरला. भजनाचा दिवस आला, तर सूर सोडा, हाकसुद्धा फुटेना. तेव्हा मी घाबरले. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, चंद्रपूरला न्या.

चंद्रपूरच्या दवाखान्यात घशाची डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची पोरगी. तिने विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"वरण-भात," नवरा खरखरत म्हणाला. "वांग्याची भाजी."

"मासे? चिकन, मटण? हाड वगैरे?"

आणि इथे मी जे बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी तिच्यावर उखडले. "मॅडम, गळ्यातली माळ दिसून नाई राह्यली का तुम्हाले? शिकल्या-सवरल्या तुम्ही, काहीही काऊन विचारता?" बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंटसुद्धा वळून पाहायला लागले. ती पोरगी बिचारी गोरीमोरी झाली. नवऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, बायकोने चारचौघांत बाजू घेतली म्हणून लाजला. कसलं काय!

एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईने तो उजेडाला धरला आणि बोट ठेवलं. मानेत एक पांढरी रेघ, सरळ, बारीक. "हे कुसळ नाही, धातू आहे," ती म्हणाली. गुंगी देऊन, तोंडातून नळी घालून त्यांनी ती काढली. मग एका छोट्या बाटलीत घालून मला दाखवली. मिशीचा एक ताठ केस असावा एवढीशी तार. मला म्हणाली, "घरी भांड्यांना तारेची घासणी वापरता का?"

"हो," मी म्हटलं.

"मग तिचीच असावी. कधीकधी तुटून जेवणात येते. टाकून द्या ती. आणि भाताचा गोळा कोणी चारला? त्याने आणखी खोल रुतली. थोडी पुढे गेली असती तर जीवावर बेतलं असतं."

"मीच चारला," मी म्हटलं. नवरा पलंगावर जागा होता. सगळं ऐकत होता. भिंतीकडे पाहत होता. डॉक्टरने त्याला काही दिवस बोलू नका म्हणून सांगितलं होतं. या माणसाने आयुष्यात कोणत्याही डॉक्टरचा कोणताही शब्द पाळला नाही, पण हा मात्र पाळला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बाईच्या हाताची काय ती इज्जत असते आमच्याकडे? शिजवलेलं अन्न. सून सावळी असो, बोलायला फटकळ असो, पण तिच्या हातचं खाऊन कोणाला काही झालं नाही, एवढं म्हणवून घ्यायचं. आणि मी तर गावाची लेकरं जेवू घालणारी. मीच नवऱ्याच्या ताटात लोखंड वाढलं आणि वरून गोळा चारून घशात ठोकलं! त्याला बघायला दवाखान्यात भजनवाले आले, तेव्हा मीच सांगत सुटले. कोणी विचारायच्या आधीच. "माह्या घासणीची तार होती जी. माहीच चूक." सांगून टाकलं की जरा हलकं वाटेल, अशी माझी समजूत. प्रत्येकाला सांगितल्यावर जास्तच जड वाटायचं. ते नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, देवानं राखलं गा तुले. तो हात जोडायचा.

बातमी आमच्या आधी गावात पोहोचली. परत आल्यावर मी शाळेत गेले, तर अर्ध्याहून जास्त लेकरांच्या दप्तरात घरून डबे. एक आई फाटकाशीच उभी होती. ती माझ्याशी बोललीच नाही, शाळेच्या मोठ्या मॅडमना म्हणाली, "शाळेतल्या गंजालेबी त्याच घासणीनं घासते ना हे?" गंज म्हणजे आमचं खिचडीचं मोठं पातेलं. आणि मी घासत होतेच. तारेनेच घासत होते. खिचडी बुडाला लागली की दुसऱ्या कशाने ती निघते?

मॅडम मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवले तरी असते. त्या म्हणाल्या, "काही दिवस घरीच राहा, लोकांचं शांत होऊ दे." मी म्हटलं, "काही दिवस नाई मॅडम, मीच सोडते. मलेच माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला." हे खोटं नव्हतं. घरातल्या सगळ्या घासण्या मी उकिरड्यावर फेकल्या होत्या. राखेने आणि नारळाच्या काथ्याने भांडी घासायची, धुऊन उन्हात धरायची, तांदूळ सुपात पसरून दाणा दाणा बघायची. भात शिजला की पुन्हा चमच्याने उपसून बघायची. लेकरं म्हणायची, "आई, आता वाढ ना वो." माझ्या जागी मॅडमनी तात्पुरती दुसरी बाई लावली. शाळेच्या वाटेने जायला लागू नये म्हणून मी पाण्याला लांबच्या बोअरवर जायला लागले.

नवऱ्याचा गळा मात्र छान बरा झाला. सूर पहिल्यासारखा लागायला लागला. भजनाला जाताना मला म्हणायचा, "तू नोको टेन्शन घेऊ. लोकं भुलतात." मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस, बायकोच्या हातून जीव जाता जाता राहिला तरी एक शब्द बोलत नाही.

मग भाऊ आला. बहिणीला साडी-चोळी घेऊन, संक्रांतीच्या निमित्ताने. मी अंगणात राखेने कढई घासत होते. हसला. "काय वो बाई, शाळेतून लवकर आली?"

"शाळा सोडली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. घासणी, डॉक्टर, गंज, डबे. सांगता सांगता पाहिलं तर त्याचा चेहरा उतरलेला. पिशवी हातातच राहिली.

"भाऊजीनं तुले सांगतलं नाई?" तो म्हणाला.

"काय?"

मी राखेच्या हातांनी त्याची कॉलर धरली, तेव्हा बोलला. त्याच्या रिसॉर्टवर पाहुण्यांसाठी संध्याकाळी लोखंडी जाळीवर कोंबडी भाजतात. बारबेकू म्हणतात त्याला. त्या दिवशी पाहुण्यांनी थोडंच खाल्लं, बरीच उरली. भाऊजी शेकत बसले होते. "मी म्हनलं, घेता का? तं नाई म्हनले. मग जरा वेळानं म्हनले, एक तुकडा दे गा, इथी कोन पाह्यते. मग..." पुढे त्याने हातानेच सांगितलं, तुकडे बरेच होते. "ते जाळी आम्ही तारेच्या ब्रशनं घासतो बाई. ब्रश जुना झालता. एखादी तार तुटते अन् जाळीले चिपकते. काळ्यावर काळी, दिसत नाई. वर कोंबडी ठेवली का तिले लागून पोटात जाते. दवाखान्यातून भाऊजीचा मेसेज आला का तार निघाली, तेव्हाच मले समजलं. खाली लिवलं होतं, कोनाले बोलू नोको. मले वाटलं, तुले तरी सांगतलं असन."

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात. इथे तर अख्खं मुसळ माझ्या घरात जेवून-खाऊन, माळ घालून भजनाला गेलं होतं.

तरी माझा विश्वास बसेना. बसेना म्हणजे, मला बसू द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी भावासोबत मी त्याच्या रिसॉर्टवर गेले. मागच्या दाराने स्वयंपाकघरात. तो म्हणाला, आता ब्रश बंद केला आहे. जाळी कोमट असताना लाकडी पट्टीने खरवडतात, काथ्याने घासतात, थंड झाली की ओल्या फडक्याने एकेक दांडी पुसतात आणि उजेडात धरून बघतात. मी म्हटलं, "हे आधी नाई सुचलं का रे?" तर म्हणतो, "ब्रशनं पटकन होते ना बाई." पटकन! याच्या पटकनसाठी मी घरी बसले.

जुना ब्रश त्याने अडगळीतून काढून दिला. मध्येमध्ये टक्कल पडलेला, तारा आडव्यातिडव्या वाकलेल्या. बोटाने ओढली तर एक तार सहज हातात आली. तिथेच एक लहान जाळी पडली होती, त्यानंतर न वापरलेली. मी ओलं फडकं घेऊन तिच्यावरून फिरवलं, तर फडक्याला काजळी लागली आणि काजळीत आणखी एक तार. सरळ, ताठ, गोल. बाटलीत होती तशीच. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, की घासणीची तार अशी नसतेच! ती चपटी असते, कुरळी असते, सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या छिलक्यासारखी. वर्षानुवर्षं रोज जी हातात धरली, तिला मी ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाली तुमची, मी म्हटलं माझी. कोणी बोट दाखवायचा अवकाश, मी मान पुढे करून मोकळी. त्या स्वयंपाकघरात मला राग यायला पाहिजे होता. राग नंतर आला. आधी आली ती लाज, त्याची आणि माझी, दोघांची.

ब्रश मी पिशवीत घालून घरी आणला. नवरा जेवायला बसला, तेव्हा ताटात भात वाढला, वरण वाढलं आणि लोणच्याच्या जागी ब्रश ठेवला.

"हे काय वो?"

"तुमचं कुसळ."

त्याने ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "तुले कोनं सांगतलं?"

पहिला प्रश्न हा! चुकलं नाही, तुला त्रास झाला नाही. कोणी सांगितलं! मी म्हटलं, "कोनं सांगतलं ते सोडा. तुमी काऊन नाई सांगतलं ते बोला."

"मंडळात काय तोंड दाखवू? माळ घातली म्हनून लोकं पाया पडतात माह्या. माही इज्जत..."

"अन् माही?"

"तू बाईमानूस. घासणीची तार निघाली त्यात तुही काय इज्जत जाते? कोनाच्याबी घरी होते."

मग मात्र माझा तोल गेला. "लेकरं माह्या हातचं खाऊन नाई राह्यले अजी!" मी ओरडले. "तुमच्या गळ्यातली तार डॉक्टरनं काढली. माह्या गळ्यात तुमी फास टाकला, तो कोन काढन? मी तुमच्यापायी त्या पोरीवर भुकली दवाखान्यात. माळ दिसत नाई का म्हनलं तिले! मले सुकी मच्छी खायची वासना होते तं मी पानी पिऊन झोपते, अन् तुमी तिथी आगीजवळ बसून..." पुढचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेजारची बाई कुंपणाशी आली आणि परत गेली.

तो रडला. माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. भित्र्या माणसासोबत संसार करणं किती महाग पडतं, हे त्याचा सूर ऐकणाऱ्यांना माहीत नसतं. ताटाला हात न लावता तो उठला आणि म्हणाला, "शाळेच्या सभेत सांगतो. सगळ्याइच्या समोर."

आणि त्याने सांगितलं, त्याचं श्रेय त्याला. पालकांची सभा होती. मी मागे, बायकांमध्ये. तो उभा राहिला, माळ काढून हातात घेतली. म्हणाला, कोंबडी मी खाल्ली, तार त्या जाळीवरची होती, बायकोची काही चूक नाही. मला वाटलं, आता याच्यावर काय काय कोसळेल. इतकं होऊनही काळजी त्याचीच वाटली.

तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "अरे लेका, कोंबडीच खाल्ली ना! मानूस तं नाई खाल्ला!"

हशा पिकला. भजन मंडळाचे म्हातारे प्रमुखसुद्धा हसले. म्हणाले, "येत्या एकादशीले पुन्हा घाल गा माळ. अन् दंड म्हनून मंडळाले जेवन दे. बिनतारेचं!" पुन्हा हशा. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी विचारलं, चव कशी होती मग? तोही ओशाळं हसायला लागला. आणि लाज वाटते सांगायला, मीही हसले. सगळे हसतात तेव्हा तोंड आपोआप हसतं. त्याची लाज त्या हशात तिथेच धुऊन निघाली. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. फाटकातली ती आई माझ्याच बाजूला बसली होती. ती पोराचं नाक पुसत राहिली.

सभा संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून या. गंज वाट बघतोय तुमची."

मी गेले. काथ्याने गंज घासला, धुतला, आतून ओलं फडकं फिरवलं, फडकं उन्हात धरून बघितलं. खिचडी मनापासून केली. हळद नेहमीची, मटार जरा जास्त, वरून कोथिंबीर. ओळीने लेकरं बसली. कोणाच्या दप्तरात डबा नव्हता. मी वाढत गेले आणि माझं मन भरून आलं, कारण सगळी ताटं पुढे येत होती.

वाढून झालं, वदनी कवळ झालं, आणि मी पाहिलं तर कोणी घास उचलत नव्हतं. सगळी लेकरं ताटावर वाकली होती. प्रत्येकाचं एक बोट खिचडीत. शीत शीत बाजूला सारून, उचलून, उजेडाला धरून बघत होती. आईने सांगितलं होतं म्हणून. पहिलीतलं ते चिमुकलं पोर, माझ्याच पदराला धरून शाळेत येणारं, तेही. त्याला तार म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्याने मटारचा दाणा उचलून मला विचारलं, "हे होय का बाई?"

माझी काही चूक नव्हती. गावाला कळलं होतं, मला कळलं होतं. तरी सगळं अंग लाजेने पेटलं, आणि मला वाटलं, पळत घरी जावं. चमचा हातात घट्ट धरून मी तिथेच उभी राहिले.

"नाई रे बाळा, तो मटार आहे," मी म्हटलं. "खा. पन नीट पाहून खा."